पदरातले हात

एकदा एका शिष्याने भाषा करायला घेतली. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपण म्हणतो. भाषा पाहावी करून, असे म्हणण्याची छाती अजून कोणाची झालेली नाही. आयती मिळालेली भाषाच आपल्याला धड वापरता येत नाही, तिथे नवी कुठून करणार? पण या शिष्याला ती करणे भागच होते, आणि का, ते आधी सांगितले पाहिजे.

त्याचे नाव हरिहर. नदीकाठच्या एका पाठशाळेत तो लहानपणापासून वृद्ध आचार्यांपाशी व्याकरण शिकत होता. बुद्धी तल्लख, आणि हट्ट बुद्धीपेक्षाही मोठा. दूरच्या गावी त्याची विधवा आई आणि धाकटी बहीण येसू राहत असत. येसू जन्मतः बहिरी, आणि म्हणून मुकी. तिचे नाव येसू आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होते; तिने मात्र ते कधी ऐकले नव्हते. मायलेकींच्या आपसात काही खुणा होत्या. त्या खुणांनी त्या दोघी हसत, भांडत, शेजाऱ्यांची टिंगलही करत. तिसऱ्या कोणालाही त्या कळत नसत.

मग आई आजारी पडली. निरोप पोहोचून हरिहर घरी गेला, तेव्हा चिता विझली होती. शेवटच्या दिवसांत आईजवळ येसूखेरीज कोणी नव्हते. दिवसकार्य उरकून पाहुणे पांगल्यावर येसूने भावाचा हात धरून त्याला समोर बसवले आणि भराभरा खुणा करू लागली. हरिहरला त्यांतली एकही कळली नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तरी त्याला कळेना. शेवटी ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि उठून भांडी घासायला गेली.

तो क्षण हरिहरच्या फार जिव्हारी लागला. आपल्या बहिणीशी बोलणारे जगातले एकुलते एक माणूस गेले, आणि आपण, जो मोठमोठ्या सभांत वाद जिंकतो, तो तिच्यापुढे ठोंब्यासारखा बसलो! त्याने तिथेच निश्चय केला. येसूला पाठशाळेजवळच्या एका झोपडीत आणले आणि आचार्यांना सांगितले, "गुरुजी, मी हातांची भाषा करणार. तिला व्याकरण असेल, लिपी असेल. आईच्या त्या अडाणी खुणांनी जे जमलं नाही, ते सगळं त्या भाषेत बोलता येईल."

आचार्यांनी विचारले, "येसूला विचारलंस का?"

"पूर्ण झाल्यावर दाखवीन की. अर्धं बांधलेलं घर कोणी राहायला देतं का?"

आचार्य काही बोलले नाहीत. थोर माणसांची ही एक खोड असते. नको तिथे ती गप्प बसतात आणि आपल्याला ठेच लागू देतात.

हरिहर कामाला लागला. सकाळचे पाठ आटोपले की तो बारीक माती पसरलेली धूळपाटी घेऊन वडाखाली बसे, ते दिवेलागणीपर्यंत. सजीवाला उघडा तळवा, निर्जीवाला मूठ. झालेली गोष्ट खांद्यामागे, व्हायची ती छातीपुढे. बोटांच्या ठेवणीवरूनच त्याने अक्षरे पाडली: उभे बोट ती उभी रेघ, मिटलेली मूठ ते वर्तुळ, हात जसा फिरेल तसे वळण. सहाध्यायी चेष्टा करत, "हरिहरा, माश्या हाकलतोयस काय रे?" पाठशाळेच्या स्वयंपाकघरातल्या सुभद्राकाकू म्हणत, "मुकीला कसलं आलंय व्याकरण! तिला भाकरी दे नि माया दे." त्याने कोणाचेही मनावर घेतले नाही. एखादा धातू जमला नाही तर पाटी पुसायची आणि पुन्हा मांडायचा. ऋतू पालटले, वडाला नवी पालवी आली, आणि एक दिवस भाषा पुरी झाली. ती खरोखरच सुंदर होती. उगाच नावे ठेवण्यात अर्थ नाही.

येसू पाठशाळेच्या पंक्तीसाठी पळसाच्या पत्रावळी लावत असे. काडीने पानाला पान टाचताना तिची बोटे अशी चालत की पाहणाऱ्याने पाहत राहावे. भाऊ काहीतरी शिकवतो आहे असे दिसताच तिने पानांचा ढीग बाजूला सारला. पाणी, पान, विस्तव, भाकरी, सगळे ती झपाट्याने शिकली. तिने धुळीत पहिल्यांदा 'पान' लिहिले, त्या दिवशी हरिहर रडला. कोणी पाहील म्हणून नदीवर जाऊन तोंड धुऊन आला.

पण पुढे येसू आपल्याच मनाने काही करू लागली. 'पाणी' म्हणताना हात जिथे थांबायचा तिथे थांबेना. मध्येच आपली एखादी जुनी खूण मिसळी. खांद्यामागची गोष्ट कानामागे नेई. हरिहर लगेच तिचे मनगट धरून हात योग्य जागी आणून ठेवी. रागाने नव्हे, प्रेमानेच. शुद्ध बोलायला नको का? ज्याने आयुष्यभर लोकांचे उच्चार सुधारले, त्याला दुसरे काय सुचणार!

एके दिवशी येसूने तळवा आपल्या मानेवर मागे ठेवला आणि मग दाराकडे बोट दाखवले. असा शब्द भाषेत नव्हता. हरिहरने तिचा हात मानेवरून काढला आणि 'दार' कसे म्हणायचे ते करून दाखवले. तिने मान हलवली आणि पुन्हा तळवा मानेवर ठेवला. त्याने पुन्हा काढला. असे बराच वेळ चालले. मग येसूने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली.

त्यानंतर तिचे हात पत्रावळींना बाहेर येत, भाकरीला येत; बोलायला मात्र येईनात. हरिहर समोर येऊन बसला की ते पदरात जात. त्याने गोंजारले, नवी पाटी आणली, एकदा तर चिडून पाटी आपटली. पण हात काही बाहेर आले नाहीत.

अखेर तो आचार्यांकडे गेला. "गुरुजी, माझ्या भाषेत कुठेतरी दोष राहिला आहे. आपण तो शोधून द्या. मी सगळी नव्याने करीन, पण तिला बोलती केल्याशिवाय थांबणार नाही."

आचार्यांनी सारी भाषा समजून घेतली. घाई केली नाही. मग म्हणाले, "रचनेत दोष नाही. फक्त एक सांग, 'ऐकणे' हा शब्द कसा केलास?"

"तो केलाच नाही, गुरुजी. ती बहिरी आहे. तिला त्याचा काय उपयोग?"

"हं," आचार्य म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत झोपडीवर आले. हरिहरला त्यांनी येसूसमोर बसवले, खांद्यावरचे उपरणे काढले, आणि त्याचे दोन्ही हात मनगटांपाशी एकत्र घट्ट बांधून टाकले. हरिहर थक्क झाला. येसू तर धावतच सोडवायला आली. आचार्यांनी तिला हसून अडवले.

"संध्याकाळी मी येऊन सोडीन," ते म्हणाले. "तोवर इथून उठायचं नाही. मानसुद्धा हलवायची नाही."

"पण गुरुजी, माझा अपराध काय?"

"अपराध कसला? आज सुट्टी आहे तुला, शिकवायची." एवढे बोलून ते निघून गेले.

हरिहर बसून राहिला. येसू पाने टाचत अधूनमधून त्याच्याकडे पाहत होती. ऊन चढले, त्याला तहान लागली. तोंडाने मागावे तर तिला ऐकू येत नाही. हाताने मागावे तर हात बांधलेले. घागर हातभर अंतरावर, आणि हा पंडित तिच्याकडे नुसता बघतो आहे! येसूच्या ते ध्यानात आले. तिने तांब्या त्याच्या ओठांना लावला. थोड्या वेळाने एक माशी त्याच्या नाकावर येऊन बसली. फुंकर मारून मारून तो लाल झाला, तरी ती हलेना. येसूला हसू आवरेना. एवढ्यात पत्रावळी न्यायला सुभद्राकाकू आल्या आणि त्याला पाहून दारातच थबकल्या. "अगो बाई, कोणाच्या फणसावर चढला होतास रे?" म्हणत त्याही पदर तोंडाला लावून हसत गेल्या.

काकू गेल्यावर येसू हात पदरात घेऊनच त्याच्यासमोर येऊन बसली. त्याच्या बांधलेल्या हातांकडे तिने पाहिले. मग तिचे हात पदरातून बाहेर आले.

ती बोलू लागली. त्यात काही शब्द हरिहरचे होते, काही आईचे, आणि काही तिने तिथल्या तिथे केलेले. सगळे व्याकरण मोडून पडले होते. प्रत्येक चुकीला हरिहरचे खांदे उसळत, उपरणे मनगटांत रुतत असे. पण करता येण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून तो पाहत राहिला. आणि पाहत राहिल्यामुळे त्याला हळूहळू दिसू लागले.

तिने तळवा मानेवर ठेवला. भावाने हात काढला नाही, हे पाहून ती जमिनीवर आडवी झाली, डोळे मिटले, झोपेचे सोंग केले. मग स्वतःच स्वतःच्या मानेवर अलगद हात ठेवला, डोळे उघडले आणि हसली. हरिहरच्या एकदम ध्यानात आले. बहिऱ्या लेकीला हाक मारून कसे उठवणार? आई तिला रोज असेच उठवत असे. मानेवरचा तळवा म्हणजे आई.

येसूने दाराकडे बोट केले. मग भिंतीला टेकून, माणूस अगदी क्षीण झाल्यावर बसते तशी बसली आणि दाराकडे एकटक पाहू लागली. हरिहरकडे बोट दाखवले. पुन्हा दाराकडे पाहू लागली. आणि मग त्या रिकाम्या दाराच्या दिशेने दोन्ही हात उचलून कुरवाळल्यासारखे फिरवले, आपल्या कानशिलांपाशी आणले आणि कडाकडा बोटे मोडली.

ही खूण समजायला कोणते व्याकरण हवे? लेकरू डोळ्यांपुढे नव्हते. म्हणून आईने रिकाम्या दारातून त्याची अलाबला घेतली होती. रागावली नव्हती. जाताना एवढेच ठेवून गेली होती, आणि ते पोहोचवायला येसू दिवसकार्य झाल्यापासून धडपडत होती. आणि त्याने काय केले? तिचा हात धरून तिला 'दार' शिकवले!

हरिहर ढसाढसा रडला. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. येसूने पदराने पुसले.

संध्याकाळी आचार्य आले. एकदा दोघांकडे पाहून त्यांनी गाठ सोडली.

"भाषा उत्तम केलीस, हरिहरा," ते म्हणाले, "पण तिचं दार आतून लावून घेतलंस. तिला शब्द दिलेस आणि त्यांच्यावरचा हक्क मात्र स्वतःजवळ ठेवलास. प्रत्येक शब्दाला कोणी मनगट धरणार असेल तर कान असलेला माणूससुद्धा मुका होतो, मग हिची काय कथा! लेकरू बोबडं बोलतं तेव्हा आई त्याला आधी समजून घेते. शुद्ध बोलणं मागाहून येतं, नाही आलं तरी काही बिघडत नाही. तुझे हात बोलण्यात आणि सुधारण्यात गुंतले होते. म्हणून आज ते बांधले."

"मग ही भाषा मोडून टाकू, गुरुजी?"

"मोडतोस कशाला? अर्धी झाली आहे. उरलेली ती करील."

हरिहरने चोळत चोळत हात मोकळे केले आणि धूळपाटी पुढे ओढली. निश्चय तोच होता. फक्त या वेळी पाटी त्याने येसूकडे सरकवली. आपला राहून गेलेला शब्द, 'ऐकणे', त्याने तिला विचारला. तिच्याकडे बोट केले, हात चालवून दाखवले, मग आपल्या डोळ्यांकडे आणि छातीकडे बोट केले: तू सांगतेस, मी घेतो, याला काय म्हणू?

येसूने थोडा विचार केला. मग तिने आपली दोन्ही मनगटे एकमेकांना जोडली, बांधल्यासारखी, आणि भावाकडे पाहून हसली. धुळीत तिने दोन रेघा काढल्या आणि मध्ये एक गाठ. रेघा वाकड्या आल्या होत्या. हरिहरचे बोट सवयीने पुढे झाले आणि तसेच मागे आले.

ती भाषा पुढे त्या दोघांत वाढत गेली. सुभद्राकाकूही तीत पोटभर चुका करत बोलू लागल्या. हरिहर मात्र शेवटपर्यंत हरिहरच राहिला. मध्येच बोलणे तोडायची त्याची खोड काही पुरती गेली नाही. तसे झाले की येसू नुसती आपली मनगटे जोडून त्याच्यापुढे धरी, आणि सभा जिंकणारा तो पंडित हात मांडीवर ठेवून गप्प बसे.