पुतळाक्काचा मान

आमच्या बोरदऱ्याला रस्ता नव्हता, नुसती गाडीवाट होती, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते खात्रीने सांगता येणार नाही. मी ऐकली तशी सांगतो.

गावाच्या शिवेला लागून पुतळाक्का नावाच्या एकट्या बाईचं ज्वारीचं रान होतं. दिवाळीच्या पाडव्याला पहाटे बायका घर झाडायच्या, केर जुन्या टोपलीत भरायच्या आणि सूप वाजवत, "इडा पिडा टळो" म्हणत टोपलीसकट शिवेबाहेर फेकून यायच्या. फेकल्यावर मागे वळून बघायचं नाही, अशी रीत. त्यामुळे आपण फेकलेलं कुठे पडतं, हे कुणी कधी पाहिलंच नाही. ते पडायचं पुतळाक्काच्या रानात. पुढे पुढे पाडव्याचीही वाट कुणी बघेना. फुटके रांजण, चिंध्या, राख, सगळं तिकडेच. ज्वारी खुरटली. खापर लागून बैल लंगडा झाला. आणखी एक साल असंच गेलं असतं, तर रान सोडून भावाच्या दारी जाण्यावाचून तिला गत्यंतर उरलं नसतं.

ती पाटलांकडे गेली. पाटील हसले.

"अगं आक्का, पिडाच ती. कुठंतरी जायला हवीच ना!"

"जाऊ दे की," पुतळाक्का म्हणाली. "तिच्या स्वतःच्या घरी जाऊ दे."

पाडव्याच्या पहाटे ती बांधावर बसली. बायका आल्या, टोपल्या फेकून वळल्या. तेव्हा ती रानात पडलेल्या केराकडे बघून मायेने म्हणाली, "बायांनो, माझं घर लहान. दिवाळी आहे, आपापल्या माहेरी जा."

आणि केर उठला, असं म्हणतात. केरसुण्या उठल्या, चिंध्या उठल्या, रांजण घरंगळत निघाले. संध्याकाळी गोठ्याकडे वासरं निघावीत तसे बायकांच्या मागोमाग चालले. बायकांना नुसती सळसळ ऐकू आली. वळून बघायची सोय नव्हती.

उजाडलं तेव्हा दारोदारी ढीग. पाटलांच्या उंबऱ्यावर तर एक फुटका रांजण ठाण मांडून बसलेला. पाटलीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, हा माझ्याच हातून फुटला होता! आणि मी आळ घेतला सुनेवर."

पाटील धावत शिवेवर आले. "आक्का, बोलव बाई यांना परत!"

"लेकी माहेरी आल्यात, पाटील. जागा करा त्यांना."

मग पाटलांनी आपल्या परसात स्वतः खड्डा खणला. त्यांचं पाहून घरोघरी खड्डे झाले. त्या साली पुतळाक्काच्या ज्वारीत उंटावरचा माणूस दिसत नव्हता, असं म्हणतात. तेवढी उंच ज्वारी मी काही पाहिलेली नाही.

पण एक गोष्ट पाहिली आहे. आजही बोरदऱ्यात कुणाच्या रानात कुणी घाण टाकली, तर सगळं गाव आधी ते रान साफ करतं आणि घाण ज्याची त्याच्या दारात पोचवतं. रानाच्या मालकाने मात्र कशाला हात लावायचा नाही, बांधावर बसून राहायचं. याला पुतळाक्काचा मान म्हणतात. गेल्या साली काशिबा देवऱ्याच्या कांद्यात कुठल्याशा कारखान्याचा ट्रक रिकामा झाला. पोती भरता भरता गाव घामाघूम झालं. काशिबाला बसवेना. तो पोत्याला हात घालायला उठला, तशी म्हातारी सगुणाबाई ओरडली,

"बस रे खाली! इतका लाजतोस काय? आज तुझं रान, उद्या माझं."