साकवाच्या रंगाचे चीवर

फार पूर्वी वाराणसीत सुयाम नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व राजधानीपासून पुष्कळ दूर, डोंगरातल्या एका मूठभर घरांच्या गावात कोष्ट्याच्या कुळात जन्माला आला होता. त्याचे नाव सुवीर. गावात भात थोडे पिके, मीठ त्याहून थोडे येई; पण आधीच्या युगातल्या बुद्धाचा धम्म त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जिवापाड जपला होता. अष्टमीला सारे गाव उपवास करी, आणि वरच्या लेण्यात राहणाऱ्या वृद्ध भिक्षूंना, स्थविरांना, रोज एका घरून भिक्षा जाई.

भिक्षूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला की मात्र या शांत माणसांच्या अंगात वारे शिरे. स्थविरांना चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, द्यायचे, आणि तेही एका दिवसात करायचे, अशी त्यांची रीत होती. सकाळी बोंडात असलेला कापूस सूर्य मावळायच्या आत विणून, शिवून, रंगवून स्थविरांच्या अंगावर गेला पाहिजे. उशीर झाला की दान पुढच्या वर्षावर. त्या वर्षी स्थविरांचे जुने चीवर पार विरले होते आणि थंडी तोंडावर आली होती, म्हणून घाईला आणखीच जोर चढला.

काय ती धांदल! कोणी सरकी काढते आहे, कोणी पिंजते आहे, बायकांच्या टकळ्या गरगरताहेत, आणि सुवीरचा धोटा मागावर थांबायचे नाव घेत नाही. रंगासाठी फणसाच्या लाकडाचा गाभा लागे. जंगलातून आणलेले लाकूड कोवळे निघाले, त्याचा रंगच उतरेना. तेव्हा गावप्रमुख नंदिसेनाला युक्ती सुचली.

"ओढ्यावरचा साकव जुन्या फणसाच्या खोडांचाच हाय की! आज फोडू, उद्या नवा घालू."

पुण्य डोळ्यांसमोर असले की पायाखालचे दिसत नाही. साऱ्यांनी माना डोलावल्या. सुवीरनेही मागावरून मान न उचलता "आणा, आणा" म्हटले. ओढ्यावरचा तो एकमेव लाकडी पूल फुटला, हंड्यात उकळू लागला, आणि पाण्याला असा सुंदर पिवळा रंग चढला की पोरे नाचू लागली.

दुपारी कापड मागावरून उतरले. लांब, पांढरे, नवे कोरे. तुकडे करायला सुरी उचलली, तोच ओढ्यापलीकडून हाक आली. पलीकडे मल्लक कोळी राहत असे. तो मासे मारी, म्हणून गाव त्याच्याकडे जात-येत नसे.

"कंचनामाय! बाईल अडलीया! लवकर या!" मल्लक ओरडत होता. मग तो काठावर आला आणि थबकला. "साकव कुठं गेला?"

कंचना ही गावातली सुईण. ती धावत काठाशी गेली. वर डोंगरात पाऊस झाल्याने ओढा फुगून धडधडत होता. लोकांनी गुरांची दावी एकमेकांना बांधून फेकली. ती गवताची, ताणताच तुटली. पलीकडच्या झोपडीतून ओरडणे ऐकू येत होते, आणि मग ते मंद होऊ लागले.

सुवीर वळला, घरी गेला आणि ते कापड घेऊन आला.

"सुवीर, शुद्धीवर हायस का?" नंदिसेन त्याच्या आड आला. "गावाचं वर्साचं पुण्य हाय ते! थेरबाबा थंडीत कुडकुडतील!"

"कुडकुडतील, दादा," सुवीर म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तरी वर्सभर वाट बघतील. त्या बाईला सांजेपर्यंत बी दम न्हाई."

त्याने कापडाला पीळ दिला, टोकाला दगड बांधून ते भिरकावले. मल्लकाने झेलून झाडाला गुंडाळले, इकडचे टोक गावकऱ्यांनी धरले. मग पुढे होऊन नंदिसेनानेही पकडले. कंचनाला पाठीवर घेऊन सुवीर पाण्यात उतरला. मध्यावर लोंढा आला, दोघे बुडाले, वर आले! सारा काठ ओरडत होता. ते पलीकडे पोचले आणि त्याच क्षणी खडकाला घासलेले कापड टरटरा फाटले.

कंचना झोपडीत धावली. मग झोपडीतून बाळाचे रडणे ऐकू आले, आणि अलीकडच्या काठावरची माणसे वेड्यासारखी एकमेकांना मिठ्या मारू लागली.

दिवस कलला, ओढा उतरला. सुवीर आणि मल्लक पाण्यातून परत आले. मल्लकाने खडकांत अडकलेला तुकडान्‌तुकडा गोळा करून आणला होता. स्थविर लेण्यातून खाली आले होते. नंदिसेनाने त्यांचे पाय धरले.

"थेरबाबा, यंदा दान न्हाई. कापड फाटलं."

स्थविरांनी चिंध्या हातात घेऊन पाहिल्या. "चीवर शिवायचं म्हणजे कापड फाडावंच लागतं, नंदिसेना. तेवढं काम ओढ्यानं केलं. सूर्य अजून डोंगरावर आहे. सुया कुठे आहेत?"

मग जी धावपळ उडाली! जाळी शिवणारा मल्लक गावात पहिल्यांदाच ओसरीवर बसला आणि त्याची सुई सगळ्यांच्या पुढे धावली. सूर्याची शेवटची कड बुडत असताना, साकवाच्या रंगाचे ते ओले, वेडेवाकडे चीवर स्थविरांच्या खांद्यावर चढले.

ही कथा शास्त्यांनी, भगवान बुद्धांनी, एका लहानशा उपासक वस्तीत सांगितली. दानाच्या गडबडीत तिथल्या लोकांनी दाराशी आलेल्या एका आजारी वाटसरूला परतवले होते. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा नंदिसेन तो आज या वस्तीचा प्रमुख. कंचना ती त्याची आई. कोष्टी सुवीर मी होतो. आणि मल्लक म्हणजे ज्याला तुम्ही सकाळी दारातून परतवलेत, तोच."

प्रमुख उठला आणि वाटसरूला शोधायला धावत सुटला. शास्ते म्हणाले, "याला करुणा म्हणतात."