दिवाणाची धोंड

पाहुणे, नाव जरा डावीकडून घेतो. उजवीकडे पाण्यात ती काळी धोंड दिसते ना, तिच्या जवळून आम्ही भोई नाव नेत नाही. नीट बघा. छातीभर पाण्यात कुणी माणूस उभा राहून लोकांना हात करतो आहे, असं वाटतं. तिला दिवाणाची धोंड म्हणतात. मघाशी काठावर तुम्ही जिला टेकून बसला होतात, ती शिळाही त्याचीच. अक्षरं झिजली आहेत, आणि मला वाचता येतही नाही. पण काय लिहिलंय ते इथं सगळ्यांना पाठ आहे. ‘या कवठी नदीवर पूल बांधून पूर्ण झाला.’

पूल शोधू नका. तो कधीच नव्हता.

फार जुनी गोष्ट. राजधानी इथून आठ दिवसांच्या वाटेवर होती. म्हणे, दिवाणानं आधी शिळा उभी केली आणि राजाला कळवलं, पूल झाला. राज्यभर दवंडी पिटली. राजानं त्याला पालखीचा मान दिला. इतक्या लांब बघायला कोण येतो? गावानं दोनदा राजधानीला माणसं पाठवली. पूल नाही म्हणणारे राज्याचे वैरी, असं ठरवून त्यांना वेशीवरूनच हाकललं.

त्या वेळी ही नाव ठकूबाई नावाची भोईण चालवायची. आमच्याच घराण्यातली. श्रावणात तिची सून मैना बाळंतपणात अडली. सुईण पलीकडच्या गावात आणि नदी दुथडी भरलेली. ठकूबाईनं सुनेला नावेत घातलं, पण धारेनं तीनदा नाव मागं फेकली. शेवटी तिनं मैनेला उचलून त्या शिळेच्या आडोशाला ठेवलं. तिथंच ती गेली, पोटातल्या जिवासकट. पूल पूर्ण झाल्याच्या शिळेला डोकं टेकून.

ठकूबाई रडली नाही, असं सांगतात. मैनेच्या काळ्या चंद्रकळेची चिंधी फाडून तिनं वल्ह्याला बांधली. म्हणाली, “पूल झाला म्हणणारा या पाण्यासमोर खरं बोलेल, त्या दिवशी ही सोडीन.”

मार्गशीर्षात दिवाण स्वतः आला. राजाला आता पुलावरून हत्ती न्यायची हौस आली होती. पूल होता पण पुरात वाहून गेला, अशी शपथ दोन्ही काठच्या लोकांनी घ्यावी, एवढ्यासाठी दिवाण आला होता. अलीकडच्यांना दम देऊन झाला, मग पलीकडे जायला तो नावेत बसला. ठकूबाईनं नाव मधल्या खडकाला लावली.

“उतरा, दिवाणसाहेब.”

“इथं?”

“तुमचा पूल इथूनच जातो. चालत जावा.”

वल्ह्याच्या टोकानं तिनं त्याला उतरवलं, म्हणे. त्याला पोहता येत नव्हतं. पाणी खडकाच्या हातभर खाली होतं, आभाळ कोरडं. दोन्ही काठांवर माणसं जमली. ठकूबाईनं नाव थोडी मागं घेतली आणि वल्हं त्याच्यापुढं धरलं, बोट पोचेल न पोचेल असं.

“खरं बोला, अन् वल्हं धरा.”

“पूल झाला होता. पुरानं नेला,” तो म्हणाला. पाणी चढून त्याच्या घोट्याला लागलं.

“आधीच्या दिवाणानं पाया कच्चा घातला.” पाणी गुडघ्याला आलं.

“मी चौकशी बसवतो.”

काठावरून एक म्हातारी म्हणाली, “चौकशी बसव बाबा. तू मात्र उभाच राहा.” पाणी कमरेला आलं होतं.

मग ठकूबाईनं विचारलं, “माझी मैना कुणी मारली, तेवढं सांगा. नाव सांगा. दुसरं काही नको.”

वल्हं समोरच होतं. दिवाणानं लोकांकडे बघितलं, दरबारात वर करायचा तसा हात वर केला आणि म्हणाला, “या नदीनं.”

नदीनं बाकी सगळं ऐकून घेतलं होतं. हे नाही घेतलं. पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं. ओसरलं तेव्हा तिथं ही धोंड होती, हात तसाच वर.

ठकूबाई वल्हं मारत घरी गेली. चिंधी तिनं सोडली नाही. तो खरं कुठं बोलला होता?

आजही आमच्या वल्ह्याला काळी चिंधी असते. ही बघा. विरली की नवी बांधतो. आजही आम्ही आजारी माणसाला, अडलेल्या बाईला, भांडून बसलेल्या भावकीलासुद्धा पार नेतो. फक्त सरकारातून आलेल्याला नेत नाही. हात जोडतो, शिळा दाखवतो आणि म्हणतो, “साहेब, तुमच्यासाठी पूल आहे.”

मागच्या वैशाखात एक मंत्री आले होते. त्यांनी बराच वेळ शिळा बघितली. मग जमलेल्यांना सांगितलं, पूल कधीचाच मंजूर आहे, पण नदी साथ देत नाही.

मी इथंच नावेत बसलो होतो. भर उन्हाळ्यात धोंडेच्या छातीवरचं पाणी खांद्याला आलं. मी नाव तेवढी जरा वर ओढून बांधली.