मुलीकडचे, मुलाकडचे

मुलांच्या आजारांत आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध डॉक्टरांकडे एकदा एक कुटुंब आले. उपचारासाठी नव्हे, निवाड्यासाठी.

घरातली दोन बाळे वर्षाची होण्याआधीच मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली होती. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा दुर्मीळ आनुवंशिक आजार, असे निदान झाले होते. सासूने त्यातला 'आनुवंशिक' एवढाच शब्द उचलला आणि निकाल देऊन टाकला: सुनेला माहेरी धाडायचे आणि तिची धाकटी बहीण मुलाला करायची. मामाचीच मुलगी आणायची, ही त्या घराची रीत. सुनेचा बाप म्हणजे सासूचा सख्खा भाऊ. तो बहिणीच्या शब्दापुढे मान खाली घालून उभा होता.

डॉक्टरांच्या शिष्येने परोपरीने समजावले की, बिघडलेले जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आले तरच बाळ आजारी पडते.

"आमच्या रक्तात असलं काही नाही," सासू म्हणाली. शिष्येला सासूचा मनस्वी राग आला.

वृद्ध डॉक्टरांनी तपासणीचे कागद बाजूला सारले. "लग्नाच्या बैठकीला बसतात तसे बसा. मुलाकडचे या बाकावर, मुलीकडचे त्या." हे काय चालले आहे, शिष्येला कळेना. सासू, सासरे आणि मुलगा एका बाकावर बसले, सून आणि तिचा बाप दुसऱ्या.

"ताई, तुमचं माहेर कोणतं?"

सासूने भावाकडे बोट दाखवले.

"मग तुम्ही त्या घरच्या लेक. तिकडे बसा."

ती नाइलाजाने उठून सुनेशेजारी बसली. "आणि तुमच्या पोटचा?" असे डॉक्टरांनी विचारताच मुलगाही उठून तिकडे गेला. मुलाकडच्या बाकावर एकटे सासरे उरले.

सासूचा आवाज उतरला. "म्हणजे हे मी आणलं?"

"कुणीच आणलं नाही. तुमच्या आईकडून किंवा वडिलांकडून ते तुम्हा बहीणभावांत आलं. एकेकटं ते कुणाला त्रास देत नाही, म्हणून तुम्ही दोघंही ठणठणीत आहात. रीतीपायी ते दोन वाटांनी येऊन एका पाळण्यात भेटलं. धाकटी आणलीत तर पुन्हा भेटू शकेल. आणि थोरलीचं बाळ या आजारातून सुटण्याची शक्यता चारात तीन आहे. पोटात असतानाच तपासता येतं. ते आम्ही करू."

बाहेर आल्यावर शिष्या म्हणाली, "सर, मीही हेच सांगत होते."

"तू सांगत होतीस ते खरंच होतं. पण ताई समोरच्या बाकावरून ऐकत होत्या. दोष कुणाचा हे ठरवायला आलेल्या माणसाला आधी त्या दुसऱ्याशेजारी बसवावं लागतं. मग तो ऐकतो."

शिष्येने दारातून आत पाहिले. सासू रडत होती, पण तिचा हात सुनेच्या पाठीवर होता.

"दादा," ती भावाला म्हणाली, "धाकटीसाठी बाहेरचं स्थळ बघ. थोरली माझ्याकडेच राहील."