उष्टी बाटली

"का गं घेतली नाहीस ती बाटली?" गिरजाक्कांनी विचारलं.

केतकीनं मान खाली घातली. बायकांच्या जागतिक स्पर्धेतली मॅरेथॉन पळून ती परवाच परतली होती, आणि आज साताऱ्याजवळच्या डोंगरपायथ्याला आक्कांच्या ओसरीवर 'पळणं सोडते' असं सांगायला आली होती.

आक्का तिच्या पळण्यातल्या गुरू. कौतुकाला हात आखडता, शिव्यांना सढळ. आज त्या एकही शिवी देत नव्हत्या, त्याचीच केतकीला जास्त भीती वाटत होती.

हकीकत एवढीच. तसल्या शर्यतीत पाण्याच्या टेबलावर जिची तिची बाटली ठेवलेली असते. ऊन रणरणत होतं. शेवटच्या टप्प्यात केतकीची बाटली कुणाच्या तरी धक्क्यानं पडली, सगळं पाणी सांडलं. शेजारून एक परदेशी बाई पळत होती. तिनं आपल्या बाटलीतले दोन घोट घेतले आणि बाटली केतकीपुढं धरली.

"उष्टी होती, आक्का. आमच्या घरात आईचंही उष्टं चालत नाही. मी हातानंच नको म्हटलं."

"मग?"

"मग ती मागं पडली. थोड्या वेळानं वळून पाहिलं, तर मागं कुणी नाही. पुढंही कुणी नाही… शेवटपर्यंत तसंच. लोक टाळ्या वाजवत होते, पण त्यांची भाषासुद्धा कळत नव्हती. फार एकटं वाटलं, आक्का. तसला रस्ता मला पुन्हा नको."

आक्कांनी कपातला चहा बशीत ओतला, फुंकर मारत अर्धा प्यायल्या, आणि उरलेल्या चहाची बशी केतकीपुढं सरकवली.

केतकी बशीकडं बघत राहिली…

गुरूला नाही म्हणायची सोय नव्हती. तिनं डोळे मिटून बशी तोंडाला लावली. एक घोट गेला, दुसरा गेला, आणि इतके दिवस दाबून धरलेलं रडू एकदम फुटलं. आक्कांनी तिला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं केतकीनं ओढणीनं तोंड पुसलं.

"तिच्याकडं जास्तीचं पाणी असेल, म्हणून देत असेल."

"त्या टप्प्यावर जास्तीचं कुणाकडंच नसतं."

"…मग का दिलं तिनं?"

आक्कांनी रिकामी बशी उचलली.

"तिलाही एकटीनं पळवेना."