बारा कमानींचा तुरुंग

"सरकारी इमारत म्हणजे हुबेहूब आमच्या वाड्यासारखी! बारा कमानी, वर घुमट. दार नाही, कुलूप नाही!"

धवलगिरीच्या रणधवल राजाने असा कायदाच केला. चावडी तशी झाली. कोंडवाड्यावरही घुमट चढला आणि म्हशी बाराही कमानींतून ये-जा करू लागल्या. मग निघालं तुरुंगाचं काम.

राघू पाथरवट हात जोडून म्हणाला, "महाराज, तुरुंगाला तेवढं दार असू द्या. चोर पळतील."

"आमच्या कायद्याला नावं ठेवतोस? तसाच बांध! आणि एक जरी चोर पळाला, तर त्याच्या जागी तू बसशील. जन्मभर!"

"पहाऱ्याला शिपाई तरी?"

"एकही नाही. सगळे सीमेवर आहेत."

राघू घरी आला, तो जेवेचना. त्याची मुलगी सगुणा छिन्नीला धार लावत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बांधा. चोर राखायचं माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी! "महाराज, इमारत वाड्यासारखी, मग तिथली रीतही वाड्याचीच ना?"

"अर्थात!"

"तर तुमची ललकारी देणारे बारा म्हातारे चोपदार मला द्या."

"ते? अगं, त्यांचे गुडघे गेलेत!"

"गळे शाबूत आहेत ना? पुरे!"

तुरुंग उभा राहिला. पहिला कैदी आला येसू घागरचोर. समोरच्या सज्ज्यात राजा मजा बघायला बसला. शेजारी राघू घामाघूम.

येसूने चौफेर पाहिलं. दार नाही, शिपाई नाही! चोरपावलांनी तो सातव्या कमानीपाशी गेला. पाऊल बाहेर पडलं मात्र, चोपदाराने काठी आपटली.

"निगा रखोऽऽ! घागरींचे हर्ते, कळश्यांचे कर्दनकाळ, येसूराव बाहेर येत आहेत होऽऽ!"

अख्खी तांबट आळी हातोडे घेऊन धावली. "कुठाय तो? माझी घागर कुठाय?"

येसू उलट्या पावली आत! थोड्या वेळाने दहाव्या कमानीतून नुसतं नाक काढलं.

"येसूराव पुन्हा येत आहेत होऽऽ!"

शेवटी मधल्या खांबाला मिठी मारून तो ओरडला, "मी इथंच बरा! पण या म्हाताऱ्यांना आवरा हो कुणीतरी!"

राजाने विचारलं, "पोरी, ही युक्ती तुला सुचली कुठून?"

"तुमच्याच वाड्यावरून, महाराज! तिथंही दार नाही, कुलूप नाही. पण कुणाच्या नकळत तुम्हाला कधी बाहेर पडता आलंय?"

परवाच राजा जत्रेतली भजी खायला गुपचूप निघाला होता. ललकारी झाली आणि थेट राणीसाहेबच समोर! आठवण होताच तो पगडी घसरेपर्यंत हसला.

"कायदा रद्द! राघूला सोन्याचं कडं द्या. आणि यापुढे सरकारी इमारत कशी असावी, ते सगुणा ठरवेल. बोल, तुझा पहिला हुकूम?"

"कोंडवाड्याला आधी फाटक बसवा, महाराज. सगळ्या म्हशी तुमच्या फुलबागेत चरताहेत!"