वाटीवरचं नाव

भांडी बोलत असत, त्या काळची गोष्ट. दिनकररावांचं भांडी धुण्याचं यंत्र बंद पडलं. नवं निवडायला ते दुकानात गेले, तेव्हा सोबत स्टीलची एक वाटी नेली. तिच्यावर त्यांच्या दिवंगत पत्नीचं, मालिनीचं नाव कोरलेलं होतं. ते पुसट झालं होतं, आणि उरलंसुरलंही जाईल याची वाटीला धास्ती होती.

"हिला आरशासारखी करीन," चकचकीत यंत्र म्हणालं.

"आणि माझ्यावरचं नाव?"

"ते होय? मला वाटलं, ओरखडा."

शेजारचं साधं यंत्र मात्र ती अक्षरं वाचत राहिलं. "मी खरकटं तेवढं काढीन," ते म्हणालं.

"हेच घ्या," वाटी म्हणाली.

त्या संध्याकाळी घरी नव्या यंत्रातल्या वाफेच्या धुक्यातून हळूच आवाज आला, "मालिनीताई, पाणी फार कढत नाही ना?"

दिनकरराव ओट्याशी थबकले. त्या घरात ते नाव फार दिवसांनी कुणी घेतलं होतं.